थापांची तपासणी

थाप मारायला तोंड उघडावं लागतं, हा नियम इतरांसाठी. शनिवार पेठेतले दिगंबरराव साठे नुसते घसा खाकरले, तरी ऐकणाऱ्याने खुर्ची घट्ट धरून बसावं. चौतीस वर्षं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि शाळेची घंटाही त्यांच्याच हाती होती. त्यांच्या सांगण्यानुसार तिथल्या बरणीतला बेडूक पावसाळा जवळ आला की डोळा मारायचा. लोहचुंबक तर इतका जबर, की तपासणीला आलेल्या साहेबांची लोखंडी शिस्त त्याला चिकटून राहिली आणि साहेब शिपायाच्या खांद्यावर हात टाकून हसत हसत परत गेले.

या थापांनी आजवर कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं. निदान दिगंबररावांना तसं वाटायचं. पण एप्रिलात त्यांच्या नातीला, चौथीतल्या सलोनीला, वार्षिक परीक्षेत प्रश्न आला: माठातले पाणी गार का होते? सलोनीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, की कुंभार दर हिवाळ्यात महाबळेश्वरला जातो, तिथला वारा पोत्यात भरून आणतो आणि मातीत मळतो. उन्हाळा लागला की तो वारा माठात जागा होतो. बाईंनी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईत विचारलं, "हे कोणी सांगितले?" पेपर हातात आल्यावर सलोनीने त्याखाली प्रामाणिकपणे लिहिलं, "आबांनी."

बाईंनी आईला बोलावून घेतलं.

सलोनीची आई म्हणजे दिगंबररावांची एकुलती एक मुलगी, उल्का. ती खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका दिवसभर शोधायच्या आणि त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. गोड शब्द ऑफिसातच संपत असावेत, कारण वडिलांच्या वाट्याला त्यातले फारसे येत नसत. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला ती सलोनीला आणि तिच्या बॅगेला घेऊन आली आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "बाबा, पंधरा तारखेपासून आमच्या सोसायटीत समर कॅम्प आहे. रोबोटिक्स, पॉटरी, अबॅकस. मी नाव घालून ठेवलंय."

"मग इथे कशाला आणलीस?"

"तुमचे जावई म्हणाले, दोन आठवडे राहू दे आजोबांकडे. तेरा तारखेला शनिवार आहे. मी येईन. तोवर तुमची एक जरी थाप माझ्या कानावर आली, तर ती कॅम्पला जाईल. नाही आली, तर शाळा सुरू होईपर्यंत राहू दे इथे."

"म्हणजे दोन आठवडे मी बोलायचंच नाही?"

"खरं बोलता येतं, बाबा. लोक बोलतात."

दिगंबररावांनी मान डोलावली. बायको गेल्याला तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात त्यांना उत्तर देणारा एकच आवाज होता, कुकरच्या शिट्टीचा. मे महिन्याची ते जानेवारीपासून वाट बघत. शिवाय त्यांना पक्कं माहीत होतं, की मूल एकदा कॅम्पला गेलं की गेलं. पुढच्या वर्षी दुसरा कॅम्प, त्यापुढे क्लास, आणि मग ते आजोबांकडे येतं ते दिवाळीला, उभ्या उभ्या, फोनमध्ये बघत.

उल्का गेल्यावर सलोनी बॅगेवरच बसून राहिली. दिगंबररावांनी कैरीचं पन्हं केलं, त्यात वेलची जरा जास्तच टाकली. तिने प्यायलं आणि पेला खाली ठेवून म्हणाली, "तुझ्यामुळे मला शून्य मिळालं, आबा."

"एकाच प्रश्नाला ना?"

"दोन मार्कांचा होता. आणि वर्गातली सगळी हसली. निकिता मला अजून महाबळेश्वर म्हणते."

दिगंबररावांनी पेला उचलून विसळला. "बंद," ते म्हणाले. "आजपासून थापा बंद. तुझ्या आईला शब्द दिलाय."

सलोनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थापा न मारणारे आबा म्हणजे मोदकातलं सारण काढून ठेवल्यासारखंच. तिने बराच विचार केला. मग बॅगेतून एक कोरी दोनशे पानी वही काढली, पट्टी घेतली आणि पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केले: आबा काय म्हणाले, कसं तपासलं, खरं की थाप.

"बंद नको करूस," ती म्हणाली. "पण यापुढे मी प्रत्येक गोष्ट तपासणार. आई ऑफिसात करते तशी. फोनला विचारायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. करून बघायचं."

"आणि आईला कळलं तर?"

"तिला कोण सांगणार? वही माझी आहे."

अशी त्या घरातली सुट्टी सुरू झाली. पहिला नंबर अर्थातच माठाचा. सलोनीने दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरलं, एकीला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरी तशीच ठेवली आणि दोन्ही खिडकीत उभ्या केल्या. दुपारी फडकेवालीतलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार झालं होतं. निदान आबांनी तोंड तसं केलं. फडकं मात्र वाळलं होतं. ती तासभर त्या फडक्याकडे बघत बसली आणि मग वहीत लिहिलं: "पाणी उडून जाताना गरमपणा घेऊन जातं. माठ बाहेरून ओला असतो. कुंभार कुठेही जात नाही. थाप." लाल पेन्सिलीने फुली एवढी जोरात मारली की मागच्या चार पानांवर उठली.

मग आबा म्हणाले, पेठेतल्या मुंग्यांना वाचता येतं. सलोनीने दोन कागदांवर साखर आणि मीठ ठेवलं आणि चिठ्ठ्या उलट्या लावल्या. मुंग्यांनी चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फुली. आबा म्हणाले, अख्खे धणे पेरले तर रुसून बसतात, त्यांना आधी पाटावर रगडून त्यांची जिरवावी लागते. दोन कुंड्या भरल्या गेल्या. रगडलेले आठव्या दिवशी डोकं वर काढून बघायला लागले, अख्खे अजून रुसलेलेच होते. बरोबरची खूण. ही खूण मिळाली त्या दिवशी दिगंबररावांनी शिरा केला.

आबा म्हणाले, आपल्या पेठेत सावल्यासुद्धा एक ते चार वामकुक्षी घेतात, जागच्या हलत नाहीत. मग सलोनीने पावडरचा रिकामा डबा गच्चीवर उभा केला आणि अकरा ते चार, दर अर्ध्या तासाला, त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण करून शेजारी वेळ लिहिली. एकदा नाही, दोन दिवस. आबांना बरोबर छत्री धरून उभं राहावं लागलं, कारण थाप त्यांची होती. सावली चांगली टुणटुणीत हलत होती. फुली.

दिगंबररावांना स्वतःचंच नवल वाटायला लागलं. आयुष्यभर त्यांच्या थापांना लोक हसले होते, कंटाळले होते, उठून गेले होते. इतक्या आदराने त्या कुणी हाताळल्या नव्हत्या. सकाळी उठून ते नातीला काय सांगायचं याची तयारी करू लागले. पण त्याबरोबर एक खुपायलाही लागलं. बारा तारखेपर्यंत वहीत तेवीस थापा झाल्या होत्या, त्यात एकोणीस फुल्या. सगळी पानं लाल. आणि नात हल्ली त्यांच्या वाक्याच्या शेवटी पेन्सिलीला टोक करायला लागायची.

एक तरी असं सांगावं, त्यांना वाटलं, की जे ऐकायला थापांची आजी वाटेल आणि निघेल मात्र शंभर टक्के खरं. आणि तसं एक त्यांच्याकडे होतं. शाळेत विज्ञानाला रतन गायकवाड बाई होत्या. वीसेक वर्षांपूर्वी परीक्षानळ्या पुसता पुसता बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "साठे, तेरा मेला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही." बाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना ते जमतच नसे. मे महिन्यात शाळा बंद, त्यामुळे दाखवायचं राहिलं. मग बाई निवृत्त झाल्या, आणि दिगंबरराव दर मेमध्ये त्या वेळी जेवून आडवे झालेले असत.

"उद्या सावली नाहीशी होणार," त्यांनी शुक्रवारी सकाळी जाहीर केलं. "ठीक बारा वाजता."

बारा त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले. चौतीस वर्षं घंटा वाजवलेल्या माणसाच्या दृष्टीने सूर्य डोक्यावर येणं आणि बारा वाजणं या दोन गोष्टी नव्हत्याच.

सलोनीने पेन्सिलीला टोक केलं. दिगंबररावांना इतका उत्साह आला की त्यांनी जिन्यात कागदही लावला: "शनिवार दि. १३ मे रोजी दुपारी ठीक बारा वाजता गच्चीवर सावली नाहीशी होईल. उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा केली जाणार नाही." तळमजल्यावरच्या बाबुरावांनी, जे पोस्टातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही कागदावर शेरा मारल्याशिवाय पुढे जात नसत, खाली पेन्सिलीने लिहिलं: "येताना प्रत्येकाने आपापली सावली आणावी. इथे मिळणार नाही."

रात्री उल्काचा फोन आला तेव्हा सलोनी बोलून गेली. "आई, उद्या बाराच्या आत ये. आबा म्हणाला, सावली नाहीशी होणार आहे."

बाबांचं बोलणं खरं आहे का ते शोधून बघावं, हे उल्काच्या मनातही आलं नाही. "बरं," ती म्हणाली. "येते. बॅग भरून ठेव."

सलोनीने फोन ठेवला आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं. "आबा, ही थाप नाहीये ना?"

"नाही."

"शपथ?"

"गायकवाड बाईंची शपथ," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

शनिवारी पावणेबाराला गच्चीवर बरीच मंडळी जमली. खालच्या मजल्यावरच्या राधाकाकू कुरडया वाळत घालायला आलेल्याच होत्या, त्या थांबल्या. बाबुराव घडीची खुर्ची घेऊन आले आणि जिन्याच्या छपराखाली ती उघडून अध्यक्षासारखे बसले. उल्का कठड्याला टेकून उभी होती, डोक्यावर ओढणी. भरलेली बॅग खाली दारात होती. मधोमध पावडरचा डबा उभा, आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसलेली सलोनी, मांडीवर वही.

दिगंबररावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हात वर केला, घंटा वाजवताना करत तसा. "बारा," ते म्हणाले आणि हात खाली आणला.

सावली होती तिथेच होती. चांगली दोन बोटं लांब.

"घड्याळ पुढे असेल," दिगंबरराव म्हणाले.

सगळे थांबले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सावली बोटभर उरली, पण होती. ऊन असं, की कुरडया वाळता वाळता तळून निघतील.

"दिगंबरराव," बाबुराव छपराखालून म्हणाले, "सावलीला पत्र टाकलं होतंत ना? पत्ता नीट घातला नसेल. मी निघतो. आमच्याकडे बाराला पानं घेतात, आज तुमच्या कृपेने सव्वा झाले." आणि ते खुर्ची तिथेच विसरून जेवायला गेले. राधाकाकू जाता जाता म्हणाल्या, "असू दे हो, मुलीला तेवढीच गंमत." हे बाबुरावांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता तिघंच उरले. उल्का चिडली असती तर दिगंबररावांना बरं वाटलं असतं. पण ती हळू आवाजात बोलली.

"चौथीत मी वर्गात सांगितलं होतं, की आपल्या शाळेतला हाडांचा सापळा दर रविवारी आमच्याकडे चहाला येतो. तुम्ही सांगितलं होतंत, बाबा. त्याचा कपही दाखवला होतात, निळ्या फुलांचा. बाईंनी मला पुढे उभं करून पुन्हा सांगायला लावलं. सगळा वर्ग हसला. वर्षभर मला हाडकी म्हणायचे."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तिथेच होतात. शेजारच्या खोलीत, बाटल्या पुसत. मला वाटलं, तुम्हाला हसणं ऐकू आलं असेल."

ऐकू आलं होतं. कुठल्यातरी वर्गात मुलं खूश आहेत, एवढंच त्या दिवशी त्यांना वाटलं होतं. दिगंबररावांनी डब्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. उन्हाने तिचे गाल लाल झाले होते. पोर आणखी पाच मिनिटं अशीच बसली, तर तीही कुणाच्या तरी हसण्याची धनी होणार. त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी खरी गोष्ट निघाली होती, आणि तिचा जीव घ्यायला ते तयार झाले.

"थाप होती, सलू," ते म्हणाले. "मार फुली. चल, खाली आमरस काढून ठेवलाय."

सलोनी हलली नाही. वहीची मागची पानं उलटत होती.

"सलोनी, ऊठ," उल्का म्हणाली. "पाय भाजतील."

"चप्पल आहे. आई, थांब. टेस्ट संपली नाहीये." तिने पान समोर धरलं. "आबा, वामकुक्षीच्या दिवशी आपण खुणा केल्या होत्या ना? सगळ्यांत छोटी सावली बाराला नव्हती. साडेबाराला होती. दोन्ही दिवस."

"मग?"

"मग आज ती बाराला कशी जाईल? तू वेळ चुकीची सांगितलीस. सावलीबद्दलचं अजून तपासून व्हायचंय." ती आईकडे वळली. "अर्धवट टेस्टवर फुली मारायची का? तूच सांग."

या प्रश्नाचं उत्तर उल्का खराडीत रोज दहा जणांना देत असे. ती मुकाट्याने डब्यापाशी येऊन बसली आणि ओढणीचं एक टोक लेकीच्या डोक्यावर धरलं.

बारा वीस. सावली नखाएवढी. बारा पंचवीस, नखाच्या वाढलेल्या भागाएवढी. दिगंबरराव कठड्याला धरून लांब उभे होते; जवळ जायचं धाडस होत नव्हतं. बारा तीसला तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"आबा," सलोनी अगदी हळू म्हणाली. "ये ना."

ते आले. डबा उन्हात उभा होता आणि त्याच्या कुठल्याच बाजूला काही नव्हतं. जणू कुणी त्याला नुकताच चित्रातून कापून फरशीवर ठेवला होता. सलोनी उठली, डब्याशेजारी हात बाजूला चिकटवून ताठ उभी राहिली. तिच्या पायांभोवती ओंजळभर काळोख, त्यापलीकडे नुसती लख्ख फरशी. उल्का उभी राहिली, तिचीही सावली अंगाखाली गोळा होऊन बसलेली. तीन पिढ्या भर उन्हात खाली माना घालून उभ्या राहिल्या आणि आपापले पाय बघत राहिल्या. समोरच्या गच्चीवरून कुणी पाहिलं असेल, तर त्याला वाटलं असेल, यांचं काहीतरी हरवलंय.

बारा पस्तीसला डब्याच्या दुसऱ्या बाजूला केसाएवढी रेघ उमटली. सलोनीने खाली बसून बरोबरची खूण केली, सावकाश, दोनदा गिरवून.

"पण साडेबाराला का?" तिने विचारलं. "बाराला का नाही?"

दिगंबररावांच्या जिभेवर तीन झकास कारणं एकदम आली. त्यातलं एक तर असं होतं, की त्यात सूर्य स्वारगेटच्या सिग्नलला अर्धा तास अडकत होता. त्यांनी तिन्ही गिळून टाकली. त्याला जरा वेळ लागला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

उल्काने झटकन वर पाहिलं. हे दोन शब्द तिने वडिलांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सावली गेली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता, पण आत्ता तो विरघळला.

"मला माहितीये," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही. एवढंच सांगते, घड्याळ अख्ख्या देशाचं एक आहे, आणि सूर्य काही सगळ्या गावांच्या डोक्यावर एकदम येत नाही. बाकी नकाशा घ्या आणि दोघं मिळून शोधा. पुढच्या शनिवारी येईन तेव्हा विचारीन."

"पुढच्या शनिवारी मी कॅम्पला असेन," सलोनी म्हणाली.

"कॅम्पला कळवते मी. त्यांच्याकडे असलं काही नाहीये." मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "आणि बाबा, थापा मारायला हरकत नाही. पण ती वही बरोबर पाहिजे."

दिगंबररावांना काहीतरी बोलायचं होतं, चौथीतल्या त्या दिवसाबद्दल. त्यांनी तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर नीट घातली, ती चौथीत असताना घातली असती तशी. तिनेही घालू दिली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बाबुराव जेवून, हात धुऊन, विसरलेली खुर्ची न्यायला आले होते.

"काय दिगंबरराव, गेली का सावली?"

"गेली होती. बारा एकतीसला. आता आली परत."

"वा. आणि मी नेमका भातावर वरण घेत होतो. बरी सोय बघून गेली."

"मी पाहिलं, काका," उल्का म्हणाली.

बाबुराव थांबले. साठ्यांच्या घरात उल्काचा शब्द म्हणजे रजिस्टर पत्र, पोचपावतीसकट. "खरंच?"

"खरंच. डब्याची गेली, आमची तिघांची गेली. सगळ्यांच्या परत आल्या. तुमच्या खुर्चीचीच तेवढी यायची राहिलीय."

ती हे ऑफिसातल्या चेहऱ्याने म्हणाली, एकही रेष न हलवता. दिगंबरराव श्वास घ्यायचे थांबले. बाबुरावांनी छपराखालच्या खुर्चीकडे पाहिलं, वाकून तिच्या खाली पाहिलं. तिथे अर्थातच काही नव्हतं. त्यांनी खुर्ची मिटून काखेत मारली, काहीतरी पुटपुटले आणि जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर मात्र ते क्षणभर थबकले आणि खाली बघून मगच पाय टाकला.

"जपून हं, काका," उल्का मागून म्हणाली. "मघाशी ती त्याच जिन्याने खाली गेली. पायाखाली यायची."